टपावरचे ओझे

ओझे उचलायला ताकद लागते हे सर्वांना ठाऊक असते. ओझे बांधायला विद्या लागते, हे मात्र फारसे कोणी मानत नाही. गाडीच्या टपावर चढून दोर आवळणारा माणूस आपल्या दृष्टीने क्लीनर असतो, हमाल असतो. तो काही जाणतो असे आपल्या मनातही येत नाही. गाडी सुखरूप पोहोचली की श्रेय ड्रायव्हरला आणि देवाला मिळते. सामान रस्त्यात पडले की मात्र सगळ्यांना टपावरच्या माणसाची आठवण होते.

माझे वडील (त्यांना आम्ही आबा म्हणतो) यात्रेच्या भाड्याची जीप चालवतात. गाडी त्यांची नव्हे, मालकाची. तुळजापूर, पंढरपूर, जोतिबा, अष्टविनायक अशा फेऱ्या ते वर्षभर करतात, आणि माणसे आत बसली की त्यांचे अंथरूण-पांघरूण, भांडी, शेगडी, शिधा हे सारे टपावर जाते. लहानपणापासून मी खाली उभी राहून दोराचे टोक धरीत आले आहे. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात जडत्व, घर्षण आणि गुरुत्वमध्य हे शब्द भेटले, तेव्हा ते मला नवे वाटले नाहीत. फक्त त्यांची नावे नवी होती. आबा जे हाताने करतात ते पुस्तक कोणत्या शब्दांत सांगते, हे जुळवून पाहण्याचा प्रयत्न मी या लेखात केला आहे. सहलीला, लग्नाला, यात्रेला आपण सगळेच जातो. त्यामुळे हा विषय कोणालाच परका नाही.

टपाचा इतिहास

पूर्वी टप हा प्रवासाचा एक मोठा भागच होता. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुढे खेड्यापाड्यांत गेलेल्या लाल गाड्यांच्या टपांवर लोखंडी कॅरिअर आणि मागे शिडी असे. भाजीच्या पाट्या, सायकली, लग्नाच्या ट्रंका, कोंबड्यांची खुराडी यांपैकी त्या शिडीने काय वर नेले नसेल! मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीच्या डोक्यावरही कॅरिअर असे. २०२३ साली ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेली. एस.टी.चे सामानही आता बहुतेक गाडीच्या पोटातल्या डिकीत जाते. पण जीपगाड्या, मिनीबस आणि वारीत दिंड्यांबरोबर चालणारे ट्रक-टेम्पो यांच्या डोक्यावरचे ओझे काही कमी झालेले नाही. उलट नवीन रस्ते रुंद आणि गुळगुळीत झाल्याने वेग वाढला आहे. चाळीसच्या वेगाला पुरणारी गाठ ऐंशीच्या वेगाला पुरत नाही. सगळ्या गोष्टीचे मूळ येथे आहे.

टप किती सोसतो?

पहिला प्रश्न गाठीचा नसून वजनाचा आहे. टपाचा पत्रा आणि त्याखालचे खांब ठरावीक वजनासाठीच बनवलेले असतात. गाडीबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तकात टपावर जास्तीत जास्त किती किलो ठेवावे हे छापलेले असते. साध्या मोटारींना ते साधारणपणे ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असते. या आकड्यात कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरायचे असते. वीस किलोंचे लोखंडी कॅरिअर बसवले की सामानाच्या वाट्यातून वीस किलो गेलेच.

टपाने सोसले म्हणजे झाले असेही नाही. समजा, माणसांसकट एका जीपचे वजन १,८०० किलो आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच आहे. तिच्या टपावर, २ मीटर १० सेंटिमीटर उंचीवर, १५० किलो सामान ठेवले. हिशेब केला तर नवा गुरुत्वमध्य सुमारे ८१ सेंटिमीटरवर येतो. वजन वाढले बाराव्या हिश्श्याने, पण गुरुत्वमध्य अकरा सेंटिमीटर वर सरकला! दोन चाकांमधले अंतर १ मीटर ४० सेंटिमीटर धरले, तर गाडी कलंडायला आधी जेवढा आडवा जोर लागला असता त्याहून आता वजनाच्या प्रमाणात सुमारे तेरा टक्के कमी जोर पुरतो. डोक्यावर हंडा घेतलेली बाई सपाट वाटेवर डौलात चालते, पण उतारावर वळताना पाऊल जपून टाकते. गाडीनेही तसेच करायला हवे.

म्हणून आबांचा पहिला नियम असा की जड ते पोटात, हलके ते टपावर. धान्याची पोती, भांड्यांची पेटी, पाण्याचे कॅन हे शक्य तोवर आत, आसनांखाली किंवा पायांशी; वळकट्या, चटया, रिकामी पातेली वर. लोक याच्या नेमके उलट करतात. पोते आत अडचण करते म्हणून ते वर फेकतात आणि उशा मांडीवर घेऊन बसतात.

तीन धक्के आणि एक थरथर

टपावरच्या सामानाला कोणकोणते जोर सोसावे लागतात ते पाहू.

पहिला धक्का पुढे जाण्याचा. ब्रेक दाबला की गाडी थांबते, सामान मात्र आपल्या आधीच्या वेगानेच पुढे जाऊ पाहते. १६८७ साली न्यूटनने आपल्या ग्रंथात गतीचे जे नियम मांडले त्यांतला हा पहिला. मालवाहतुकीचे युरोपातील मानक आणि अमेरिकेतील नियम या बाबतीत एकाच आकड्यावर आले आहेत. सामान पुढच्या दिशेला स्वतःच्या वजनाच्या आठ-दशांश इतक्या जोराने, आणि बाजूला व मागे निम्म्या वजनाइतक्या जोराने ओढले गेले तरी हलता कामा नये. म्हणजे १०० किलोंच्या सामानाला पुढे ८० किलोंचा आणि बाजूला ५० किलोंचा ओढा सोसवला पाहिजे.

दुसरा धक्का बाजूचा, म्हणजे वळणाचा. घाटातले २५ मीटर त्रिज्येचे वळण ताशी ४० किलोमीटर वेगाने घेतले, तर बाजूचा जोर बरोबर निम्म्या वजनाइतका होतो. तेच वळण २० च्या वेगाने घेतले तर जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो. कारण तो वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. खंबाटकीत किंवा दिवे घाटात ‘वाहने सावकाश चालवा’ ही पाटी वाचून आपण हसतो. त्या पाटीमागचे गणित हे असे आहे.

तिसरा धक्का वाऱ्याचा. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशा उभ्या पृष्ठभागावर ताशी ४० किलोमीटर वेगाला वारा सुमारे साडेसात किलोंचा जोर लावतो. ८० च्या वेगाला तो ३० किलो होतो आणि १०० च्या वेगाला ४७ किलोंच्या आसपास जातो. समोरून वारा असला तर तो आणखी वाढतो. शिवाय वारा फक्त मागे ढकलत नाही, खाली शिरून वर उचलतोही. गादी, फळी, ताडपत्री अशा पसरट वस्तू त्यामुळेच उडतात. जड पेटी उडत नाही, पण तिच्यावर ठेवलेली चटई उडते, आणि चटईबरोबर दोर सैल झाला की मग पेटीचीही पाळी येते.

या तिघांबरोबर सतत चालू असते ती थरथर. खड्डे, गतिरोधक, इंजिनाची धडधड यांनी सामान एकमेकांत बसत जाते. पोती दबतात, वळकट्या चपट्या होतात, पातेली एकमेकांत रुततात. सामान दोन बोटे खाली बसले की करकचून आवळलेला दोरही सैल पडतो. तो सैल दोर पुढच्या धक्क्याला सामानाला धरून ठेवत नाही, झटका देतो. आणि दोर ओढीपेक्षा झटक्याने लवकर तुटतो.

एक हंडा

हे सारे आकडे कोरडे वाटू नयेत म्हणून एक घटना सांगते. चार वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वाडीतून देवदर्शनाला निघालेल्या एका जीपच्या टपावर पितळी हंडा होता. हंड्याच्या गळ्याभोवती सुतळी बांधून तिचे टोक कॅरिअरला अडकवले होते. गावाबाहेरच्या वळणावर सुतळी तुटली. हंडा वळला नाही, सरळ गेला. आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला सायकल धरून उभ्या असलेल्या एका मुलाच्या खांद्यावर आदळला. खांद्याचे हाड मोडले. मुलगा पाटी-पेन्सिलीच्या वयाचा नव्हता, मजुरीला जाणारा होता. त्याची पुढची तीन महिन्यांची मजुरी बुडाली.

वाडीत सगळे म्हणाले, देवाच्या वाटेवर होते म्हणून डोक्यावर न बसता खांद्यावर निभावले. मला तेव्हाही हे पटले नव्हते. ज्या देवाने हंडा डोक्यावरून खांद्यावर नेला असे आपण म्हणतो, त्याच्यावर सुतळीच्या जागी दोर बांधण्याचेही काम टाकायचे काय? दोन मीटर उंचीवरून वस्तू जमिनीवर यायला अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. गाडी ६० च्या वेगात असेल तर तेवढ्यात ती वस्तू सुमारे साडेदहा मीटर पुढे जाते. तिच्या वाटेत कोण उभे असेल ते तिला ठाऊक नसते. बांधणाऱ्याने मात्र ते आधी मनात आणायला हवे.

रचावे कसे

बांधण्याआधी रचणे. रचणे नीट असेल तर निम्मे काम गाठीवाचून होते.

कॅरिअर गाडीला पक्के आहे ना, हे प्रथम पाहावे. जुन्या जीपगाड्यांना टपाच्या कडेने पन्हळ असते आणि कॅरिअरचे पाय त्या पन्हळीला आवळलेले असतात; त्यांचे नट थरथरीने ढिले होतात. नव्या मोटारींच्या टपावर ज्या दोन लांब पट्ट्या दिसतात, त्या काही गाड्यांत नुसत्या शोभेच्या असतात. त्यांना सामान बांधणे म्हणजे शर्टाच्या खिशाला धरून माणूस ओढण्यासारखे आहे. सामान कॅरिअरला कितीही घट्ट बांधले तरी कॅरिअरच गाडीला घट्ट नसेल, तर सामान एकटे न पडता कॅरिअरसकट पडेल.

मग जड वस्तू सर्वांत खाली, आडव्या, आणि दोन्ही धुऱ्यांच्या मध्ये. बैलगाडी भरणाऱ्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. मागे जास्त भरले तर गाडी उलाळ होते, पुढे जास्त भरले तर जू बैलांच्या मानेवर बसते. मोटारीला मान नाही म्हणून तक्रार ऐकू येत नाही. पण टपाच्या मागच्या टोकाला ओझे लटकले की पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि गाडी हाताला हलकी, बेभरवशाची लागते. डावी-उजवी बाजूही सारखी भरावी.

जड पेटी कॅरिअरच्या पुढच्या दांडीला टेकवून ठेवावी. वाचकांना हे क्षुल्लक वाटेल, पण हिशेब पाहा. १०० किलोंच्या पेट्या मध्येच ठेवल्या आणि पत्रा व लोखंडी दांड्या यांच्यातले घर्षण वजनाच्या तीन-दशांश धरले, तर पुढच्या ८० किलोंच्या ओढ्यापैकी घर्षणाने ३० अडतात. उरलेले ५० केवळ वरून दाबून अडवायचे तर दोरांनी १६७ किलोंचा दाब द्यावा लागतो! पेट्या पुढच्या दांडीला टेकल्या असतील तर ते ५० किलो दांडीच अडवते. खाली रबराची जुनी चटई टाकली आणि घर्षण सहा-दशांशावर गेले, तर दांडीशिवायही १६७ च्या जागी ३३ किलोंचा दाब पुरतो. ट्यूबचा फाटका तुकडा एवढे काम करतो. आबा पेटीखाली नेहमी ट्यूबचे तुकडे घालतात. पत्रा खरवडू नये म्हणून घालत असतील असे मला वाटायचे. विचारले तेव्हा म्हणाले, “पोरी, घसरणाऱ्याला दोरानं धरण्यापेक्षा घसरूच देऊ नये.”

फटी वळकट्यांनी भराव्यात. ज्याला हलायला जागाच नाही, ते हलत नाही. टपावर काय ठेवू नये हेही येथेच सांगते. भरलेली गॅसची टाकी सुमारे ३० किलोंची असते. ती उंचावर, उन्हात आणि धक्क्यात ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. रॉकेलचे डबेही वर नकोत. पाणी भरलेली भांडी तर नकोतच. आतले पाणी वळणावर हिंदकळते आणि धक्का वाढवते.

दोर आणि गाठ

सुतळी ही पुडा बांधण्यासाठी आहे, ओझे बांधण्यासाठी नव्हे. सुती किंवा तागाचा दोर भिजला की आखडतो आणि वाळला की पुन्हा सैल होतो. म्हणून पावसानंतर ऊन पडले की तो तपासावा. नायलॉनचा दोर मजबूत, पण ताणला जातो. भिजला की आणखी ताणला जातो. प्लॅस्टिकचे स्वस्त रंगीत दोर उन्हाने कुजतात. हाताला कुसळे लागू लागली की तो दोर संपला असे समजावे. दोन्ही टोकांना हूक असलेल्या रबरी दोऱ्या वापरायला सोप्या म्हणून लोकप्रिय आहेत. त्या ताडपत्रीची कड दाबायला ठीक, पण ओझे धरायला नालायक, कारण लांबणे हाच त्यांचा धर्म. आता बाजारात दातेरी चक्रीचे, खटक्याने आवळायचे पॉलिएस्टरचे पट्टे मिळतात. त्यांच्यावरच्या चिठ्ठीवर ते किती जोर सोसतात हे छापलेले असते. हे पट्टे सर्वांत उत्तम. वाऱ्याने पट्टा फडफडून घूं घूं आवाज करू लागला तर त्याला एक पीळ द्यावा. आवाज थांबतो आणि पट्ट्याची झीजही थांबते.

दोराला कोठेही धारदार कड लागू देऊ नये. पेटीच्या कोपऱ्यावर गोणपाटाची घडी ठेवावी. गाठीचेही एक वैगुण्य आहे. दोर जेथे गाठीत मुरडतो तेथे त्याची ताकद पुष्कळ कमी होते, बऱ्याच गाठींत निम्म्यावर येते. म्हणून दोर घेताना लागेल त्याच्या दुपटीहून अधिक ताकदीचा घ्यावा, आणि एका दोराच्या भरवशावर कधी राहू नये. तीन दोर असतील तर एक तुटल्यावर दोन उरतात.

आता प्रत्यक्ष बांधणे. दोराचे एक टोक कॅरिअरच्या एका बाजूच्या दांडीला निरगाठीने बांधावे आणि दोर सामानावरून पलीकडे टाकावा. पलीकडच्या बाजूला, सामानाच्या कडेवरून उतरणाऱ्या दोरातच, हातभर वर सुरगाठीचा एक फास करावा. मोकळे टोक दांडीखालून घेऊन वर त्या फासातून ओवावे आणि खाली ओढावे. फास कप्पीसारखे काम करतो. पुस्तकी हिशेबाने ओढ तिप्पट व्हायला हवी. घर्षणामुळे प्रत्यक्षात बरीच कमी होते, तरी नुसत्या ओढीहून ती पुष्कळ जास्त भरते. ओढलेला दोर फासापाशी चिमटीत धरून ठेवावा आणि टोकाचे दोन वेढे घालून बंद करावा. मुक्कामी पोहोचल्यावर वेढे काढले की फास एका हिसक्यात सुटतो. दोर कापावा लागत नाही, नखे मोडत नाहीत. सुटायला सोपी पण आपोआप न सुटणारी, ती चांगली गाठ.

काही जण दोराच्या दोन पदरांत काठी घालून पीळ देतात. त्याने दोर घट्ट होतो हे खरे, पण ती काठी नीट बांधली नाही तर सुटून जोराने फिरते आणि तोंडावर बसते. ही युक्ती टाळलेली बरी.

दोर किती तिरपा उतरतो हेही पाहावे. तो सामानाच्या बाजूने सरळ उभा खाली उतरला तर त्याची सारी ओढ सामानाला दाबते. तो टपाशी ३० अंशांचा कोन करून तिरपा गेला तर निम्मीच दाबते, आणि १५ अंशांचा असेल तर जेमतेम चौथाई. रुंद कॅरिअरवर मधोमध ठेवलेली बुटकी पेटी किती आवळली तरी सैल वाटते, ती यामुळेच. अशा वेळी आडव्या दोरांवर विसंबू नये. पेटीच्या पुढून आणि मागून दोर फिरवून तो दोन्ही बाजूंच्या दांड्यांना बांधावा, म्हणजे ती पुढे-मागे सरकायची थांबते. आडवे दोर दाबण्यासाठी, फिरवलेले दोर अडवण्यासाठी, दोन्ही हवेत.

सर्वांत शेवटी ताडपत्री. तिची पुढची घडी सामानाच्या खाली जाईल अशी घ्यावी, म्हणजे वारा आत शिरत नाही. मागची बाजू पुढच्या बाजूखाली येईल अशा रीतीने घड्या असाव्यात. कौले जशी पाण्याच्या ओघळाप्रमाणे लावतात, तशा या वाऱ्याच्या ओघाप्रमाणे. मध्ये खळगा राहू देऊ नये. दोन चौरस मीटरच्या खळग्यात एक सेंटिमीटर पाणी साचले तरी ते २० किलो भरते. भिजलेल्या गादीचे तर सांगायलाच नको. ताडपत्री फक्त पाऊस-वारा अडवते, ओझे धरत नाही. दोर आधी सामानावर हवेत, मग ताडपत्री, आणि तिच्यावर तिचे वेगळे दोर. बाहेरून सारे झाकलेले नीटनेटके दिसते आणि आत सामान मोकळे असते, असे कितीतरी टप मी पाहिले आहेत.

बांधून झाले म्हणजे सामान दोन्ही हातांनी धरून जोराने हलवावे. सामान हलले आणि गाडी स्थिर राहिली, तर बांधणे कच्चे. सामानाबरोबर सारी गाडी डुलली, तर बांधणे पक्के.

वाटेवर

गाडी निघाली म्हणजे काम संपले असे नव्हे. अमेरिकेत मालवाहू गाडीच्या चालकाने पहिल्या ५० मैलांत, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरांत, थांबून सामान तपासावे असा नियम आहे, आणि पुढेही दर तीन तासांनी किंवा १५० मैलांनी, यांतले जे आधी येईल तेव्हा. आबा त्याहून लवकर, गावाबाहेर पडून चार-पाच मैल झाले की थांबतात. कारण सामान बसायचे ते पहिल्या धक्क्यांतच बसते. प्रवासी कुरकुरतात. “आत्ता तर निघालो, पुन्हा कशाला उभी केली?” असे म्हणतात. त्या पाच मिनिटांत प्रत्येक दोर किमान चार बोटे तरी नव्याने ओढला जातो, हे मी मोजून पाहिले आहे.

सामान लादल्यावर गाडीची उंची मोजावी आणि ती चालकाच्या ध्यानात राहील अशी लिहून ठेवावी. झाडाची फांदी, पेट्रोलपंपाचे छप्पर, रेल्वे फाटकाजवळची उंचीची चौकट, गावातल्या लोंबणाऱ्या विजेच्या तारा यांना सामानाची कीव येत नाही. वेग कमी ठेवावा, पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवावे. ओझ्याची गाडी थांबायला वेळ घेते, आणि करकचून ब्रेक दाबला की दोरांची परीक्षा होते.

कायद्याचेही दोन शब्द. मोटार वाहन कायदा १९८८ मधील २०१९ च्या दुरुस्तीनुसार, सामान गाडीच्या बाजूंना, पुढे, मागे किंवा उंचीला परवानगीच्या मर्यादेबाहेर गेले तर २०,००० रुपये दंड आणि सामान उतरवण्याचा खर्च अशी तरतूद आहे. याच कायद्याच्या १२३ व्या कलमाने माणसांना टपावर बसवायला आणि माणसांनी टपावर बसायला मनाई आहे. यात्रेच्या दिवसांत ताडपत्रीवर बसलेली पोरे आपण सगळेच पाहतो. वर जे पेटीबद्दल सांगितले, ते सारे त्या पोरांनाही लागू आहे. फरक एवढाच की पेटीला आपण निदान दोर तरी बांधतो.

शेवटी

या विद्येची परीक्षा कोठे होत नाही आणि तिचे प्रमाणपत्रही नाही. ती बापाकडून मुलाकडे, ड्रायव्हरकडून क्लीनरकडे, हाताकडून हाताकडे जाते. आणि वाटेत कोठे अर्धवट राहिली, तर एखाद्या हंड्याच्या रूपाने कोणाच्या तरी खांद्यावर येते. कॉलेजात शिकणाऱ्यांनी ती हलकी समजू नये, आणि टपावर चढणाऱ्यांनी पुस्तकाला परके समजू नये, एवढेच मला म्हणायचे आहे. दोघेही एकाच नियमाबद्दल बोलत असतात. मुलीने टपावर चढून दोर आवळला तर तोही नियम तितकाच पाळतो, असे मी स्वानुभवाने सांगू शकते.

आपण टपावर जे ठेवतो ते आपले असते. ते पडते मात्र दुसऱ्याच्या अंगावर. आत बसलेल्यांना बहुधा त्याचा आवाजही ऐकू येत नाही. म्हणून दोर बांधताना आपल्या सामानाचा विचार जितका करावा, त्याहून अधिक आपल्या मागून सायकलीवर येणाऱ्या अनोळखी माणसाचा करावा. आपली त्याची ओळख कधी होणार नाही. आपली गाठ चांगली असेल, तर व्हायचे कारणही नाही.